कवीच्या कपाळावरचं गंध

माझ्यासारख्या माणसाने आपल्या लहानपणाविषयी, तरुणपणाविषयी काही लिहावं का, हा प्रश्न मला अजूनही पडतो. माझ्या हातून काही मोठं घडलेलं नाही. ऑकलंडच्या एका शाळेत मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्तीला थोडेच महिने राहिले आहेत, एवढीच माझी ओळख. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकं होती त्यांनी लिहावं, असं मला वाटत आलं आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं. एका पुस्तकाची आणि माझ्या आईची हकीकत माझ्या डोक्यात इतकी वर्षं पडून आहे, आणि ती आता मी लिहिली नाही तर लिहिणारं दुसरं कोणी नाही, म्हणून हे धाडस करतो आहे.

बाबा आयटीआय झालेले फिटर. भोसरीतल्या कारखान्यात त्यांनी बारा वर्षं काढली आणि मग कोणाच्या तरी ओळखीने, कागदपत्रांच्या खटपटी करून, ते इथे आले. मी तेव्हा आठवीत होतो आणि धाकटी ऋचा पहिलीत. बाबांना पेनरोजमधल्या एका गोदामात काम मिळालं. आधी मशीन दुरुस्तीचं, पुढे फोर्कलिफ्ट चालवायचं. आम्ही बॉटनी डाउन्स या उपनगराच्या मागच्या अंगाला एका घराच्या पाठीमागचा भाग भाड्याने घेतला होता. दोन खोल्या, एक लांबट स्वयंपाकघर, आणि त्याच्या खिडकीतून दिसणारं शेजाऱ्यांचं लिंबाचं झाड. शनिवारी सकाळी आजूबाजूला एकामागून एक गवत कापायची यंत्रं सुरू व्हायची आणि सगळा मोहल्ला घरघरत राहायचा. आईला तो आवाज आवडायचा. “माणसं जागी आहेत असं वाटतं,” ती म्हणायची. बाकी आठवडाभर इथली शांतता तिला खायला उठायची. ती जवळच्या एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करायची, तिथल्या आज्यांना ती ‘डार्लिंग’ म्हणायला शिकली होती, आणि घरी आल्यावर आम्हालाही चुकून डार्लिंग म्हणायची. ऋचा तिच्याशी इंग्रजीतच बोलायची. आई मराठीत विचारणार, ऋचा इंग्रजीत उत्तर देणार, आणि दोघींना त्यात काही वावगं वाटायचं नाही.

विद्यापीठात मी इंग्रजी साहित्य घेतलं तेव्हा बाबांनी दोन दिवस विचार केला. मग म्हणाले, “इंग्रजी तर तुला येतंच की. आता त्यात शिकायचं काय?” मी म्हटलं, “कविता वगैरे असतात, बाबा.” ते म्हणाले, “असू देत. पण पूर्ण कर. अर्ध्यात सोडलेलं मशीन सगळ्यात वाईट.” आमच्या ओळखीच्या पुण्या-मुंबईच्या कुटुंबांतली मुलं कॉम्प्युटर नाहीतर इंजिनियरिंग करत होती. गणपतीत भेटले की त्यांचे आईवडील विचारायचे, “मग पुढे काय स्कोप आहे?” बाबा त्यांना गंभीर चेहऱ्याने सांगायचे, “हीप्स ऑफ स्कोप आहे.” ढीगभर अशा अर्थाचा तो शब्द ते गोदामात शिकले होते आणि जिथे काही माहीत नसेल तिथे वापरायचे.

दुसऱ्या वर्षी मला तो कवी भेटला. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन माणूस, समुद्राकाठच्या एका गावात जन्मलेला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. सांगितलं तरी फारसं कोणाला ओळखीचं वाटणार नाही, आणि आमच्या घरात त्याला नावाने कधी कोणी हाक मारलीच नाही. पुस्तकात त्याचं चित्र होतं, छातीपर्यंत दाढी, खोल डोळे. ते पाहून आईने पहिल्याच दिवशी त्याला ‘आजोबा’ करून टाकलं. “आज आजोबांचा अभ्यास झाला का?” असं ती विचारायची.

त्याने तीनच पुस्तकं लिहिली. पहिल्यात खाडीकाठचं गवत कापणारी माणसं आहेत, दोर वळणारे, होडी डांबरणारे, ओहोटीची वाट बघत गाडीत झोपणारे. त्याचे वडील हेच काम करायचे. मग तिकडे मोठं युद्ध झालं, त्यात त्याचा भाऊ गेला, आणि दुसरं पुस्तक सगळं त्या भावाचं. त्यानंतर कित्येक वर्षं त्याने काही लिहिलं नाही. गावाच्या कचेरीत कारकुनी केली. आणि अगदी म्हातारपणी तिसरं पुस्तक आलं, घरातल्या वस्तूंवरच्या कवितांचं. दिवा, विहिरीचा दोर, आईची शिवणाची पेटी, बूट. प्रत्येक वस्तूशी तो बोलतो, आणि बोलताना जरा दबून बोलतो, वडीलधाऱ्या माणसासमोर बोलावं तसा. मी बसमध्ये ती पुस्तकं वाचायचो. बॉटनीहून शहरात जायला तेव्हा तासाहून जास्त लागायचा. तोवर मी ज्या कविता वाचल्या होत्या त्यांत माणसं फिरायला जायची, प्रेमात पडायची, मरायची, पण कामाला जाताना क्वचित दिसायची. या माणसाच्या कवितेत सगळे सकाळी उठून कामाला जात होते. मला वाटलं, हा आपल्यातलाच आहे.

हा कवी आम्हाला हेदर शिकवायच्या. इथे सगळे शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारतात. मला ते तिन्ही वर्षं जमलं नाही. ‘मॅडम’ म्हटलं की वर्गात हसायचे आणि ‘हेदर’ म्हणायला जीभ वळायची नाही, म्हणून मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहायचो आणि त्यांचं लक्ष जाईपर्यंत थांबायचो. साठीच्या आसपासची उंच बाई, केस आखूड, पायात बारा महिने एकच तपकिरी बूट. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मला याच कवीवर मोठा निबंध लिहायचा होता, आणि त्यावर पुढच्या ऑनर्सच्या वर्षाला प्रवेश ठरायचा होता. निर्णय त्यांच्या हातात होता. माझा कच्चा मसुदा वाचून त्या म्हणाल्या, “यात ग्रंथालय ऐकू येतं, तू ऐकू येत नाहीस.” मी ‘सॉरी’ म्हटलं. त्या म्हणाल्या, “सॉरी कशाला? शेवटच्या पुस्तकातल्या विळ्याच्या कवितेवर तू फक्त दुसऱ्यांची मतं लिहिली आहेस. तुला काय वाटतं?”

ती कविता सांगायला हवी. हंगाम संपल्यावर म्हातारा शेतकरी लांब दांड्याचा गवत कापायचा विळा धुतो, पुसतो, पात्याला चरबी लावतो, आणि रात्रीच्या जेवणाला त्याला खुर्चीवर बसवतो. त्याच्यापुढे ताट ठेवतो. एवढीच कविता. वर्गात ती वाचली तेव्हा सगळे हसले होते, कोणी ‘क्यूट’ म्हणालं होतं. टीकाकारांच्या पुस्तकात तिला म्हातारपणची निरुपद्रवी लहर म्हटलं होतं. मी ते वाक्य उतरवून घेतलं होतं. मला स्वतःला काय वाटतं हे मला माहीत नव्हतं. किंवा माहीत होतं, पण ते विद्यापीठात सांगण्यासारखं आहे असं वाटत नव्हतं. आज माझ्या वर्गातल्या मुलांच्या वह्या तपासताना मला हे सारखं दिसतं, मूल नेमकं जिथे बोलायला लागणार तिथे दुसऱ्याचं वाक्य आणून ठेवतं.

त्या दिवशी हेदरनी कपाटातून एक पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. त्याच शेवटच्या पुस्तकाची कवीच्या हयातीतली प्रत. गडद हिरवं कापडी पुठ्ठ्याचं, आत कवीचं कोरीव चित्र, त्याच्यावर पातळ, धुरकट कागदाचं पान. पहिल्या पानावर फिकट शाईत एक नाव. “माझ्या आजीचं,” त्या म्हणाल्या. “दक्षिण बेटावर एका खेड्यातल्या शाळेत ती शिकवायची. कविता या पुस्तकात वाच. वेगळी वाटते.” ग्रंथालयाची पुस्तकं मी जपूनच वापरायचो, पण हे पुस्तक मी बसमध्ये पिशवीतसुद्धा ठेवलं नाही, दोन्ही हातांत धरलं. घरी येऊन मी ते आईच्या एका जुन्या, मऊ झालेल्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलं आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. हात धुतल्याशिवाय काढायचो नाही. आई हे सगळं बघत होती. तिने मनात नोंद केली होती, हे मला नंतर कळलं.

दसरा आला. इथे तो वसंतात येतो, हवेत गारठा असतो आणि झेंडू मिळत नाही. आई दरवर्षी डॅफोडिल्स आणायची, “पिवळं आहे ना, बस झालं,” म्हणायची. आदल्या दिवशी तिने दही बाबांच्या जुन्या पंच्यात बांधून सिंकच्या नळाला टांगलं. दसऱ्याच्या आधीचा तो आवाज मला अजून ऐकू येतो, चक्क्यातून पडणाऱ्या पाण्याचा, स्टीलच्या पातेल्यात, टप, टप, मध्ये बराच वेळ जाऊन पुन्हा टप. बाबा गोदामात आपल्या फोर्कलिफ्टला दोन फुलं चिकटपट्टीने लावायचे. त्यांचा टोंगन मुकादम सिओने पहिल्या वर्षी म्हणाला होता, “लग्न आहे का हिचं?” दुसऱ्या वर्षापासून तो स्वतःच विचारायचा, “माझ्या गाडीला फुलं कुठायत?”

त्या दिवशी माझा सकाळचा तास होता. मी देवाला नमस्कार करून लवकरच निघालो. दुपारी तीनच्या सुमारास घरी आलो तेव्हा घरात वेलदोड्याचा आणि पुऱ्यांचा वास भरलेला होता. आई चौरंगाशी बसली होती, चेहरा उजळलेला. “ये, बघ,” ती म्हणाली. “यंदा छान मांडलंय.”

चौरंगावर पाटी होती, तिच्यावर एक-एकचे आकडे जोडून काढलेली सरस्वती. बाजूला बाबांचा पाना आणि स्क्रूड्रायव्हर, ऋचाचं गणिताचं पुस्तक, आईची लिहायची वही. आणि मधोमध, साडीच्या त्याच तुकड्यावर, हेदरच्या आजीचं पुस्तक, चित्राच्या पानावर उघडलेलं. धुरकट पान पदर बाजूला सारावा तसं अलगद मागे सारलेलं. कवीच्या कपाळावर ओल्या हळदीचं बोट, त्यावर कुंकवाचा ठिपका, ठिपक्याला चिकटलेले तांदळाचे दोन दाणे. दाढीखाली डॅफोडिल.

“आजोबांना बसवलंय,” आई म्हणाली. “तू इतकं जपतोस ना त्यांना, म्हणून मध्ये.”

मी पुस्तक उचलायला वाकलो. आईने माझा हात धरला. “संध्याकाळपर्यंत पूजेतलं हलवायचं नाही रे.” मी हात सोडवला. फूल खाली पडलं, तांदूळ चौरंगावर सांडले. मी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात गेलो, कापूस ओला केला, आणि घाईत त्यावर भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून कवीचं कपाळ पुसायला लागलो. ज्यांनी कधी हळदीच्या हाताला साबण लावला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पिवळं होतं ते लालभडक झालं. मी आणखी घासलं. लाल कपाळावरून केसांत गेलं, केसांतून पानाच्या कडेला. कागदाचा भुगा कापसाला यायला लागला.

“दादा, स्टॉप इट!” ऋचा दारातून ओरडली. “यू आर मेकिंग इट वर्स!”

मी थांबलो. आईने लावलेला ठिपका तुरीच्या दाण्याएवढा होता. मी केलेला डाग तळहाताएवढा झाला होता. आई ऋचाच्या मागे उभी होती. तिने ते पान पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “त्याला काच नव्हती का रे?”

आमच्याकडे वडीलधाऱ्यांच्या तसबिरी असत, आणि सणाला त्यांना गंध लावायचं असे. सगळ्या तसबिरींना काच. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसलं की झालं. जन्मभर तिने असंच केलं होतं. कागदाच्या माणसाला गंध लावायची तिची पहिलीच वेळ होती. बाबा कामावरून आले, त्यांनी पुस्तक खिडकीशी नेऊन पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “मशीन बिघडलं की आधी हात काढायचा.” त्या दिवशी आम्ही श्रीखंड खाल्लं, पण वाढायला कोणी कोणाला आग्रह केला नाही.

आता मला लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. मी हेदरना खरं सांगायला हवं होतं. त्यांच्या खोलीपर्यंत मी दोनदा गेलो. पण माझी आई पुस्तकाला हळदकुंकू वाहते, कवीच्या चित्राला देवासारखं बसवते, हे त्या शांत, पुस्तकांनी भरलेल्या खोलीत उभं राहून कसं सांगायचं? वर्गातलं ते हसू माझ्या कानात होतं. तिसऱ्या खेपेला खोली बंद होती. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, हेदरची आई फार आजारी आहे, त्या दक्षिणेला गेल्या आहेत, कधी येतील सांगता येत नाही. मी पुस्तक कागदात बांधून त्यांच्या टपालाच्या कप्प्यात ठेवलं आणि त्याला चिठ्ठी जोडली. चिठ्ठीत लिहिलं, वाचताना माझ्याकडून पानावर करी सांडली, क्षमा असावी. करी हा शब्द आमच्या घरात कोणी कधी वापरलेला नव्हता. आमच्याकडे आमटी होती, रस्सा होता, कालवण होतं. पण मला वाटलं, त्यांना हे समजेल. आपल्यासारख्यांकडून हेच अपेक्षित असेल. निबंधही मी तसाच दिला, विळ्याची कविता म्हणजे म्हातारपणची लहर असं दुसऱ्याचं मत घालून.

आई रोज विचारायची, “काय म्हणाल्या मॅडम?” मी सांगायचो, त्या नाहीत. दिवाळीच्या आधी करंज्या तळताना तिने पुन्हा विचारलं, “पण तू चिठ्ठीत काय लिहिलंस?” मी थकलो होतो. सांगून टाकलं.

तिच्या हातातला झारा तसाच राहिला. कढईतली करंजी एका बाजूने तपकिरी झाली. “जेवताना सांडलं, असं लिहिलंस?”

“आई, त्यांना सोपं जावं म्हणून...”

“आपल्या घरात पुस्तक घेऊन जेवायला बसतं का रे कोणी? पुस्तकाला चुकून पाय लागला तरी पाया पडतो आपण. आणि तू तिला सांगितलंस, आम्ही खरकट्या हाताने तिच्या आजीचं पुस्तक हाताळलं?” तिने करंजी काढली, ताटात ठेवली. “माझी चूक झाली, मी मान्य करते. शंभर वेळा करते. पण मी जे केलं नाही ते का सांगितलंस?”

तिला डागाचं जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. लक्ष्मीपूजनाला बाबांनी विचारलं, “पोराची वही नाही ठेवलीस?” ती म्हणाली, “त्याच्या वस्तूंना मी हात लावत नाही.” ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. ती साधेपणाने बोलली, जणू तिला एक नियम समजला होता आणि ती तो पाळत होती.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मी खरं पत्र लिहायला बसलो. दोन दिवस लागले. दसरा म्हणजे काय, वर्षातून एकदा हत्यारांना, पाटीपुस्तकांना विश्रांती देऊन त्यांच्यापुढे का वाकायचं, बाबांचा पाना, फोर्कलिफ्टची फुलं, सगळं लिहिलं. साबण मी लावला, डाग मी मोठा केला, आणि करी खोटी होती, हेही लिहिलं. लिहिता लिहिता विळ्याची कविता आपोआप आत आली. मी लिहिलं की त्या म्हाताऱ्याने विळ्याला खुर्चीवर बसवलं यात मला कधीच लहर दिसली नव्हती, कारण आमच्या घरी दरवर्षी पाना चौरंगावर बसतो. मला फक्त ते म्हणायचा धीर झाला नव्हता.

पत्र मी आईला वाचून दाखवलं, इंग्रजी वाक्य बघत मराठीत सांगत. ती भाजी निवडत ऐकत होती. एका जागी तिने मला थांबवलं. “बोटाने लावलं, असं नको. अनामिकेने लावलं, लिही. करंगळीशेजारचं बोट. देवाला त्याच बोटाने लावतात. नाहीतर तिला वाटेल, कसंही चोपडलं.”

“हे त्यांना कळणार आहे का, आई?”

“न का कळेना. लिहिलेलं बरोबर असू दे.”

मी ते वाक्य घातलं. माझ्या आजवरच्या लिखाणातलं सगळ्यात अचूक वाक्य तेच असावं. पत्र विद्यापीठाच्या पत्त्यावर टाकलं आणि वाट बघायला लागलो.

नोव्हेंबर गेला. डिसेंबरात पोहुतुकावाची झाडं लाल फुलांनी भरली आणि माझ्या वर्गातल्या मुलांना ऑनर्सची पत्रं आली. मला आलं नाही. मी कार्यालयात फोन केला. तुझ्या निबंधाचे गुण अजून यायचे आहेत, असं सांगितलं. मी त्याचा अर्थ असा लावला की आपल्याला घेतलेलं नाही. सुट्टीत बाबांच्या गोदामात खोकी लावायचं काम धरलं. डबा खाताना बाबा एकदा म्हणाले, “इथेही हीप्स ऑफ स्कोप आहे,” आणि आम्ही दोघं हसलो, पण ते हसणं फार वेळ टिकलं नाही. घरी आई माझ्याशी नीट बोलत होती, वाढत होती, फक्त ‘आजोबा’ हा शब्द तिने टाकून दिला होता. माझ्या टेबलावर धूळ साचली तरी ती पुसायची नाही. मला प्रवेश मिळाला नाही तर ती ते जन्मभर स्वतःकडे घेईल हे मला दिसत होतं, आणि तिला तसं वाटू नये म्हणून काय करावं ते सुचत नव्हतं.

जानेवारीतली एक उकाड्याची दुपार. मी गोदामाच्या मागच्या टोकाला टाइल्सची खोकी उतरवत होतो. बाबांची फोर्कलिफ्ट नेहमीपेक्षा जोरात आली, काटे रिकामे. मागून सिओने चालत येत होता. “ब्रो,” तो म्हणाला, “ऑफिसात फोन आहे. तुझी मम. ती माझ्याशी दहा मिनिटं बोलली, मला काय ते कळलं नाही, पण ती रडत नाहीये. स्वीट ॲज, सगळं ठीक.”

मी धावलो. बाबा मागोमाग आले आणि काचेच्या दारात हेल्मेट हातात घेऊन उभे राहिले.

“आई?”

“अरे, त्या हेदरबाईंचा फोन आला होता!” आईचा आवाज इतका मोठा होता की बाबांना दारातून ऐकू गेला असणार. “आत्ता ठेवला. त्यांची आई गेली रे नाताळच्या आधी. तिकडेच होत्या त्या. परवा परतल्या, तेव्हा त्यांना सगळं एकदम मिळालं, पुस्तक, तुझी ती चिठ्ठी आणि पत्र. मी आधी म्हटलं, आय ॲम सो सॉरी फॉर युअर मदर, डार्लिंग. मग म्हटलं, आय ॲम सो सॉरी फॉर द बुक.”

“मग? काय म्हणाल्या?”

“थांब, सांगते ना नीट. म्हणाल्या, चिठ्ठी खोटी आहे हे त्यांना आधीच कळलं होतं. शिवणीत तांदळाचा दाणा अडकला होता. करीत कच्चा तांदूळ कुठून येणार, म्हणाल्या. हुशार आहे हं बाई. मग पत्र वाचलं. जुनी पुस्तकं दुरुस्त करणारा कोणी माणूस आहे, त्याला फोन करून विचारलं त्यांनी. तू घासलेलं लाल बरंचसं फिकं होईल म्हणतोय तो, सगळं नाही जायचं. कपाळावरचंही काढू का, विचारलं त्याने. तर ह्या म्हणाल्या, ते राहू द्या.”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“ऐकतोयस ना? म्हणाल्या, त्यांच्या आजीचं पुस्तक इतकी वर्षं कपाटात होतं, त्याला असं कोणी बसवलं नव्हतं. आणि मला विचारलं, अनामिका म्हणजे नक्की कुठलं बोट? मी सांगितलं, फोनवरच, अंगठ्यापासून मोजून. त्या म्हणाल्या, पुस्तक दुरुस्त होऊन आलं की परत पाठवू का पुढच्या दसऱ्याला? मी म्हटलं, पाठवा, आजोबांना मी मध्येच बसवीन, पण काच लावून पाठवा. हसल्या रे खूप. मग जरा रडल्या. मीही.”

दारातून बाबांनी हाताने विचारलं, काय? मी मान हलवली, थांबा म्हणून.

“बरं, तू लवकर ये आज,” आई म्हणाली. “टेबल पुसून ठेवते तुझं, किती धूळ साचलीय त्याच्यावर. आणि हो, बघ, मुख्य तेच राहिलं. त्या नव्हत्या म्हणून निकाल अडला होता, आता निबंधाऐवजी ते पत्रच दाखवलं त्यांनी विभागातल्या सगळ्यांना. तुला घेतलंय.”